शब्दचर्चा : ‘पंतप्रधान’ हा शब्द नेमका कोणाला लावावा?

मूळ प्रश्न

युरोपातील राजेशाह्यांच्या इतिहासावरील एका ग्रंथाचे मराठी भाषांतर करीत असताना एकाच अडचणीशी वारंवार गाठ पडते. ब्रिटनमध्ये ‘फर्स्ट लॉर्ड ऑफ द ट्रेझरी’, स्वीडन आणि नॉर्वेमध्ये ‘स्टाट्समिनिस्टर’, नेदरलँड्समध्ये ‘मिनिस्टर-प्रेसिडेंट’ आणि स्पेनमध्ये ‘प्रेसिदेंते देल गोबिएर्नो’ अशी पदनामे मुळात येतात. या सर्वांसाठी सरसकट ‘पंतप्रधान’ लिहावे काय? शिवाय राजा स्वतः कारभार पाहत होता त्या काळातील त्याच्या मुख्य मंत्र्यालाही तोच शब्द लावला तर वाचकाची दिशाभूल होईल, अशी शंका वाटते. ‘पंतप्रधान’ आणि ‘प्रधानमंत्री’ यांत अर्थाचा काही भेद आहे काय, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

आपल्या प्रश्नाचे उत्तर पदनामांच्या शब्दशः अर्थात सापडणार नाही. ते पद कोणत्या नात्यांवर उभे आहे, हे पाहावे लागेल. ज्या देशाकडून जगाने ही पद्धत घेतली, त्या ब्रिटनमध्येच पद आधी आले आणि त्याचे नाव कायद्यात फार उशिरा आले. तो इतिहास थोडा विस्ताराने सांगतो, कारण त्यातूनच शब्दाची कसोटी हाती लागते.

राणी ॲन १७१४ मध्ये वारली आणि हॅनोव्हर घराण्यातील पहिला जॉर्ज गादीवर आला. त्यानंतर राजकोषाचे प्रमुखपद एका व्यक्तीकडे न ठेवता मंडळाकडे सोपवण्याची रीत कायमची झाली, आणि त्या मंडळाचा पहिला सदस्य म्हणजे ‘फर्स्ट लॉर्ड ऑफ द ट्रेझरी’. राजा १७१७ नंतर मंत्रिमंडळाच्या बैठकांना येईनासा झाला, त्यामुळे बैठक चालवणारा आणि तिचा निष्कर्ष राजाच्या कानी घालणारा कोणीतरी एक मंत्री आवश्यक ठरला. रॉबर्ट वॉल्पोल एप्रिल १७२१ मध्ये फर्स्ट लॉर्ड झाला आणि फेब्रुवारी १७४२ पर्यंत त्या जागी राहिला. आज त्याला ब्रिटनचा पहिला पंतप्रधान म्हणतात, परंतु त्याच्या हयातीत ‘प्राइम मिनिस्टर’ हा शब्द आरोप म्हणून वापरला जात होता. फ्रान्समध्ये राजाचा सारा अधिकार आपल्या मुठीत ठेवणारे रिशल्यूसारखे मंत्री होऊन गेले होते, आणि तसा एकतंत्री मंत्री इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेत बसत नाही, अशी विरोधकांची धारणा होती. वॉल्पोलला दूर करावे असे प्रस्ताव फेब्रुवारी १७४१ मध्ये दोन्ही सभागृहांत आले आणि फेटाळले गेले. तेव्हा लॉर्ड्स सभागृहातील विरोधी सदस्यांनी आपला निषेध नोंदवून ठेवला. एकमेव किंवा पहिला मंत्री असा अधिकारी ब्रिटनच्या कायद्याला ठाऊकच नाही, असे त्यात म्हटले होते. स्वतः वॉल्पोलनेही आपण असे कोणी असल्याचे नाकारले.

पुढच्याच वर्षी जे घडले ते शब्दाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. चिपनम येथील निवडणुकीच्या तक्रारीवर कॉमन्स सभागृहात मतदान झाले, त्यात वॉल्पोलची बाजू हरली आणि त्याने पद सोडले. दुसऱ्या जॉर्जची त्याच्यावर मर्जी होती, तरी ती पुरेशी ठरली नाही. केवळ राजाच्या विश्वासावर टिकणारा मंत्री आणि सभागृहाच्या विश्वासावाचून न टिकणारा मंत्री यांतील अंतर येथे प्रथम ठळकपणे दिसते. हे अंतर एका दिवसात पक्के झाले नाही. तिसऱ्या जॉर्जने डिसेंबर १७८३ मध्ये बहुमत असलेले मंत्रिमंडळ काढून चोवीस वर्षांच्या धाकट्या पिटला नेमले आणि पिटने १७८४ ची निवडणूक जिंकून ती नेमणूक निभावून नेली. चौथ्या विल्यमने १८३४ मध्ये मेलबर्नच्या जागी पीलला आणले, तेव्हा मात्र निवडणुकीनंतरही पीलला बहुमत मिळाले नाही आणि १८३५ च्या एप्रिलमध्ये राजाला मेलबर्नलाच परत बोलवावे लागले. त्यानंतर ब्रिटनच्या कोणत्याही राजाने वा राणीने मंत्रिमंडळ असे बरखास्त केलेले नाही. माझ्या मते ‘पंतप्रधान’ या शब्दाचा आजचा अर्थ ब्रिटनमध्ये पूर्णपणे लागू होतो तो १८३५ पासून. त्याआधीच्या शतकभरात तो घडत होता.

नाव मात्र याहूनही मागे रेंगाळले. मंत्रिमंडळात सर्वाधिक वजन असलेला आणि राजाच्या विश्वासात पहिले स्थान असलेला एक उघड मंत्री असलाच पाहिजे, असे पिटचे मत १८०३ मध्ये लॉर्ड मेलव्हिलने नोंदवून ठेवले आहे. म्हणजे पदाची गरज तेव्हा मान्य होती, पण कागदावर ते नव्हते. बर्लिनच्या १८७८ च्या तहात डिझरायलीचा उल्लेख ‘फर्स्ट लॉर्ड ऑफ द ट्रेझरी’ याबरोबर ‘प्राइम मिनिस्टर’ असाही झाला. राजदरबारातील मानक्रमात या पदाला डिसेंबर १९०५ मध्ये स्थान मिळाले, आणि तेही यॉर्कच्या आर्चबिशपनंतर. संसदेच्या कायद्यात ते नाव १९१७ मध्ये चेकर्स येथील निवासस्थानाच्या निमित्ताने आले आणि त्याला वेतन जोडले गेले ते १९३७ च्या कायद्याने. १० डाउनिंग स्ट्रीटच्या दारावर आजही ‘फर्स्ट लॉर्ड ऑफ द ट्रेझरी’ असेच कोरलेले आहे.

ही दोन पदे एकच नाहीत, हेही भाषांतर करताना ध्यानात ठेवावे. लॉर्ड सॉल्झबरी १८९५ ते १९०२ या काळात पंतप्रधान होते, पण फर्स्ट लॉर्ड होते त्यांचे भाचे आर्थर बाल्फोर, आणि १० डाउनिंग स्ट्रीटमध्ये राहत होते तेही बाल्फोरच. अशा ठिकाणी ‘फर्स्ट लॉर्ड’ दिसला की ‘पंतप्रधान’ लिहिण्याची सवय ठेवली तर भाचा मामाच्या जागी बसेल.

प्रतिसाद

मराठी शब्दाच्या बाजूने काही जोडतो, कारण आपल्याकडे नेमके उलटे घडले आहे. ब्रिटनमध्ये पद होते आणि नाव नव्हते. मराठीत नाव आधीपासून होते आणि त्यात नव्या पदाचा अर्थ नंतर भरला गेला.

‘पेशवा’ हा फारसी शब्द आहे. त्याचा अर्थ पुढे चालणारा, अग्रणी असा होतो आणि दख्खनच्या सुलतानशाह्यांत तो पदनाम म्हणून रूढ होता. शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी कारभारातील फारसी पदनामांच्या जागी संस्कृत पदनामे आली. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत. मोरोपंत पिंगळे हे तेव्हाचे मुख्य प्रधान होत. या व्यवस्थेत ‘प्रधान’ हे आठही जणांचे सामान्य नाव आहे, तर ‘मंत्री’ हे त्यांपैकी केवळ एका पदाचे विशेषनाम आहे. आज आपण ‘मंत्री’ हा शब्द सामान्य अर्थाने वापरतो आणि ‘प्रधान’ हा श्रेष्ठत्व दाखवण्यासाठी. ‘प्रधानमंत्री’ या समासाचा अर्थ मंत्र्यांत प्रधान असा होतो. अष्टप्रधानांच्या परिभाषेत तो शब्द ऐकणाऱ्यास गोंधळात टाकणारा ठरला असता.

‘पंतप्रधान’ शब्दातील ‘पंत’ हे ‘पंडित’ या शब्दाचे झिजलेले रूप मानले जाते आणि ते आदरार्थी आहे. पंत अमात्य, पंत सचिव, पंत प्रतिनिधी ही नावे त्याच घडणीची आहेत. म्हणून ‘पंतप्रधान’ या शब्दात पहिला किंवा मुख्य असा अर्थ मुळात नाही. तो मान भट घराण्यातील पेशव्यांच्या प्रत्यक्ष अधिकारामुळे शब्दाला चिकटला. बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये शाहू महाराजांचे पेशवे झाले आणि १७२० मध्ये ते पद त्यांचे पुत्र बाजीराव यांच्याकडे आले. लंडनमध्ये वॉल्पोल फर्स्ट लॉर्ड झाला तो पुढच्याच वर्षी. दोन्हीकडे मुद्रा राजाची आणि कारभार मंत्र्याचा, असे चित्र एकाच सुमारास उभे राहत होते. इंग्रजी राज्यव्यवस्थेविषयी मराठीत लिहू लागलेल्यांना ‘प्राइम मिनिस्टर’साठी ‘मुख्य प्रधान’ किंवा ‘पंतप्रधान’ हे शब्द जवळचे वाटावेत, हे स्वाभाविकच होते.

आपल्या उपप्रश्नाविषयी सांगायचे तर आजच्या वापरात ‘पंतप्रधान’ आणि ‘प्रधानमंत्री’ यांत अर्थभेद नाही. ‘प्रधानमंत्री’ हे रूप हिंदीच्या वाटेने आणि केंद्र सरकारच्या योजनांच्या नावांमुळे अधिक दिसू लागले आहे. ‘प्रधानमंत्री आवास योजना’ हे योजनेचे नाव असल्याने ते तसेच राहावे. मात्र वर्णनपर मजकुरात मराठीची स्वतःची तीनशे वर्षांची परंपरा असलेला ‘पंतप्रधान’ सोडण्याचे कारण मला दिसत नाही, आणि त्याविषयी मी आग्रही आहे.

शंका

वरील दोन्ही प्रतिसाद एकत्र वाचले असता एक विसंगती जाणवते. सभागृहाचा विश्वास हीच जर शब्दाची कसोटी, तर हा शब्द ज्यांच्यामुळे घडला ते पेशवेच तिच्यात बसत नाहीत. त्यांच्यासमोर कोणतेही सभागृह नव्हते. मग शब्दाचे मूळ धारकच शब्दाबाहेर काढायचे काय?

प्रतिसाद

शंका रास्त आहे, पण तिचे निरसन कठीण नाही. शब्दाला दोन अर्थ आहेत आणि ते कालक्रमाने एकामागून एक आले आहेत. छत्रपतींच्या राज्यातील ‘पंतप्रधान’ हे एका विशिष्ट पदाचे विशेषनाम आहे आणि त्या संदर्भात त्याला कोणतीही संसदीय कसोटी लावण्याचा प्रश्नच येत नाही. दुसऱ्या देशांविषयी लिहिताना आपण जो शब्द वापरतो तो सामान्यनाम आहे आणि कसोटी त्याला लागते.

दोहोंतील साम्य कोठे संपते, हे पाहणे उपयोगी ठरेल. पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहून छत्रपतींकडून मिळाल्याशिवाय पेशवा अधिकृत होत नसे आणि छत्रपतींचा अधिकार नाममात्र उरल्यावरही ही रीत दुसऱ्या बाजीरावापर्यंत पाळली गेली. ब्रिटनमध्येही राजाने बोलावून नेमल्याशिवाय कोणी पंतप्रधान होत नाही. त्या विधीला हस्तचुंबनाचे नाव आहे. सातवा एडवर्ड १९०८ मध्ये फ्रान्समधील बियारिट्झ येथे विश्रांतीसाठी गेलेला असल्याने ॲस्क्विथ यांना नेमणूक स्वीकारण्यासाठी तेथवर जावे लागले होते. येथपर्यंत दोन्ही पदे एकमेकांच्या शेजारी बसतात. पण पेशव्याला दूर करू शकणारा केवळ छत्रपती होता. शाहू महाराजांनी १७४७ मध्ये बाळाजी बाजीरावांना काही काळ पदावरून दूर केले आणि पुन्हा नेमले, ते स्वतःच्या निर्णयाने. शाहू महाराजांच्या निधनानंतर तसे करू शकणारा धनी साताऱ्यास उरला नाही आणि पद घराण्यात स्थिर झाले. वॉल्पोलचा मुलगा वॉल्पोलच्या जागी आला नाही. ती जागा कॉमन्समधील मतांवर अवलंबून होती.

नेपाळचा इतिहास या दृष्टीने फार बोलका आहे. तेथे भीमसेन थापा १८०६ पासून ‘मुख्तियार’ या नावाने कारभार पाहत होते. जंगबहादुरांनी १८४६ मध्ये सत्ता हाती घेतली आणि पुढे राणा घराण्यात प्रधानमंत्रिपद वंशपरंपरागत झाले. ते मुलाकडे न जाता भावांच्या क्रमाने जात असे. राजा ‘श्री ५’ आणि राणा प्रधानमंत्री ‘श्री ३’ अशी मानाची विभागणी होती, आणि ही राजवट १९५१ पर्यंत चालली. पदनाम ‘प्रधानमंत्री’च होते, परंतु संसदीय अर्थाने पहिले निवडून आलेले प्रधानमंत्री १९५९ मधील बिश्वेश्वरप्रसाद कोइराला. राजे महेंद्र यांनी त्यांना डिसेंबर १९६० मध्ये काढून टाकले. एकाच देशात, एकाच पदनामाखाली, दोन निरनिराळी पदे होऊन गेली आहेत. मराठी लेखकाने येथे पदनाम बदलू नये, पण पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘वंशपरंपरागत’ हे विशेषण जोडलेच पाहिजे. त्याच्याशिवाय वाक्य चुकीचा अर्थ देते.

प्रतिसाद

मूळ प्रश्नातील इतर युरोपीय पदनामांकडे वळू. ‘स्टाट्समिनिस्टर’चा शब्दशः अर्थ राज्यमंत्री असा होतो, पण भारतात ‘राज्यमंत्री’ म्हणजे कनिष्ठ दर्जाचा मंत्री. त्यामुळे हे भाषांतर सर्वथा टाळावे. स्वीडनमध्ये १८०९ च्या व्यवस्थेत न्यायखात्याचा एक आणि परराष्ट्रखात्याचा एक असे दोन स्टाट्समिनिस्टर होते. सर्व मंत्र्यांचा एकच प्रमुख असे पद १८७६ मध्ये निर्माण झाले आणि लुई दे येअर हे त्याचे पहिले धारक. म्हणून १८७६ नंतर ‘पंतप्रधान’ आणि त्याआधी ‘न्यायखात्याचे मंत्री’, ‘परराष्ट्रखात्याचे मंत्री’ असे लिहावे. नॉर्वे १९०५ पर्यंत स्वीडनच्या राजाच्या छत्राखाली होता आणि त्याचा एक स्टाट्समिनिस्टर राजाजवळ स्टॉकहोममध्ये राहत असे, तर १८७३ नंतर दुसरा ख्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ओस्लोत, सरकार चालवत असे. ख्रिस्तियानियातल्याला ‘पंतप्रधान’ आणि स्टॉकहोममधल्याला ‘राजाजवळचे नॉर्वेजियन मंत्री’ म्हणणे मला योग्य वाटते.

डेन्मार्कचे उदाहरण सर्वांत अवघड आहे आणि त्यावर आपण थांबून विचार करावा. तेथे १८५५ ते १९१८ या काळात पदनाम होते ‘कोन्सेइल्सप्रेसिडेंट’, म्हणजे मंत्रिपरिषदेचा अध्यक्ष. एस्ट्रुप १८७५ ते १८९४ अशी एकोणीस वर्षे त्या पदावर होते आणि त्यांतील बराच काळ कनिष्ठ सभागृहात, फोल्केटिंगमध्ये, त्यांच्या विरोधकांचे बहुमत होते. अर्थसंकल्प मंजूर होईना, तेव्हा त्यांनी राजाच्या पाठिंब्यावर तात्पुरत्या वित्तीय कायद्यांनी कारभार रेटला. कनिष्ठ सभागृहाच्या बहुमतानुसार मंत्रिमंडळ नेमण्याची पद्धत १९०१ मध्ये मान्य झाली आणि ‘स्टाट्समिनिस्टर’ हे नाव १९१८ मध्ये आले. एस्ट्रुप यांना ‘पंतप्रधान’ म्हणावे काय? कडक कसोटी लावली तर नाही. परंतु संसद अस्तित्वात होती, मंत्रिमंडळ त्यांच्या नेतृत्वाखाली होते, आणि सारा झगडा याच प्रश्नावर होता की पंतप्रधान कोणाला उत्तरदायी असावा. अशा संक्रमणाच्या काळात ‘पंतप्रधान’ लिहून पुढे ‘फोल्केटिंगचा विश्वास नसतानाही’ असे स्पष्ट करणे हेच इतिहासाला धरून होईल, असे माझे मत आहे. शब्द टाळला तर झगडाच अदृश्य होतो.

नेदरलँड्समध्ये एकोणिसाव्या शतकात मंत्रिपरिषदेचे अध्यक्षपद आळीपाळीने फिरत असे आणि ‘मिनिस्टर-प्रेसिडेंट’ हे पदनाम १९४५ मध्ये अधिकृत झाले. तरीही थोरबेके यांच्यासारख्या प्रभावी नेत्याच्या नावानेच त्यांचे मंत्रिमंडळ ओळखले जाते. तेथे ‘थोरबेके मंत्रिमंडळ’ एवढे लिहिणे पुरेसे आहे. स्पेनच्या ‘प्रेसिदेंते देल गोबिएर्नो’ला मराठी वृत्तपत्रे ‘पंतप्रधान’ म्हणतात ते बरोबरच आहे, कारण १९७८ च्या राज्यघटनेप्रमाणे राजा नाव सुचवतो आणि काँग्रेस या सभागृहाचा विश्वास मिळाल्यावरच नेमणूक होते. ‘अध्यक्ष’ लिहिले तर वाचक त्यांना राष्ट्रप्रमुख समजेल आणि राजा विसरला जाईल.

बिस्मार्कविषयीही प्रश्न येईल म्हणून सांगतो. प्रशियाचा ‘मिनिस्टरप्रेसिडेंट’ आणि जर्मन साम्राज्याचा चॅन्सेलर या दोन्ही नात्यांनी तो राजालाच जबाबदार होता. साम्राज्याच्या संदर्भात ‘चॅन्सेलर’ हाच शब्द ठेवावा.

प्रतिसाद

जपानचा उल्लेख राहिला. मंत्रिमंडळ १८८५ मध्ये स्थापन झाले आणि इतो हिरोबुमी त्याचे पहिले प्रमुख. परंतु त्यांच्याच पुढाकाराने तयार झालेल्या १८८९ च्या राज्यघटनेत मंत्रिमंडळाचा किंवा त्याच्या प्रमुखाचा उल्लेख नाही. तेथे केवळ सम्राटाला सल्ला देणारे मंत्री आहेत, आणि प्रत्येक जण स्वतंत्रपणे जबाबदार. १९४७ मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेने मात्र संसद पंतप्रधान ठरवील आणि सम्राट त्याची नेमणूक करील, असे स्पष्ट लिहिले. लिखित घटनेने हे पद इतके ठसठशीत करणे ब्रिटिश परंपरेत दुर्मीळ होते. कॅनडाच्या १८६७ च्या कायद्यात आणि ऑस्ट्रेलियाच्या १९०१ पासूनच्या राज्यघटनेत पंतप्रधान हा शब्दच नाही, तरी दोन्ही देशांना पहिल्या दिवसापासून पंतप्रधान आहेत. घटनेत नाव नाही म्हणून पद नाही, असा निष्कर्ष भाषांतरकाराने कधीही काढू नये.

मूळ प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. डेन्मार्कविषयीची सूचना मी तशीच स्वीकारतो. माझ्या ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात ब्रिटिश साम्राज्यातील वसाहती आणि भारतही येतो. तेथे १९३७ च्या मुंबईच्या संदर्भात ‘प्राइम मिनिस्टर’ असा शब्द आहे. हा मुद्रणदोष समजावा काय?

प्रतिसाद

तो मुद्रणदोष नाही. १९३५ च्या कायद्यानुसार प्रांतांत मंत्रिमंडळे आली, तेव्हा प्रांताच्या मुख्य मंत्र्याचे इंग्रजी पदनाम ‘प्राइम मिनिस्टर’ असेच होते. मुंबई प्रांतात एप्रिल १९३७ मध्ये साताऱ्याचे धनजीशा कूपर यांनी अल्पकाळाचे मंत्रिमंडळ बनवले आणि जुलैमध्ये बाळ गंगाधर खेर यांनी काँग्रेसचे मंत्रिमंडळ स्थापन केले. ऑगस्ट १९४७ ते जानेवारी १९५० या काळात दिल्लीत नेहरू आणि मुंबईत खेर, असे दोन्ही ठिकाणी इंग्रजी पदनाम एकच होते. त्या अडीच वर्षांत भारत हे सहाव्या जॉर्जच्या नावाने चालणारे स्वतंत्र राज्य होते आणि गव्हर्नर जनरल त्याचा प्रतिनिधी होता, म्हणजे आपण स्वतःही काही काळ संसदीय राजेशाहीत राहिलो आहोत. प्रजासत्ताकाबरोबर प्रांतांतील पद ‘चीफ मिनिस्टर’ झाले. जम्मू-काश्मीरमध्ये जुने नाव १९६५ पर्यंत टिकले.

मराठीत लिहिताना १९३७ ते १९५० च्या खेरांसाठी ‘मुख्य प्रधान’ वापरावे असे मी सुचवतो. हा शब्द त्या काळच्या मराठी लेखनात रूढ होता, तो ‘मुख्यमंत्री’ या नंतरच्या पदनामाशी मिसळत नाही आणि दिल्लीच्या पंतप्रधानांपासूनही वेगळा राहतो.

संस्थानांत मुख्य कारभाऱ्यास बहुतेक ठिकाणी ‘दिवाण’ म्हणत आणि तो राजाचा नोकर असे. बडोद्यास १८७५ मध्ये सर टी. माधवराव आले ते दिवाण म्हणूनच, आणि त्यांना ‘पंतप्रधान’ म्हणणे चूक ठरेल. याला एक ठळक अपवाद औंध संस्थानाचा आहे. तेथे भवानराव पंत प्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ मध्ये नवी राज्यघटना देऊन आपला अधिकार ग्रामपंचायतींपासून वर निवडून येणाऱ्या सभेकडे सोपवला. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत काही काळ संस्थानचे पंतप्रधान होते. औंधच्या बाबतीत हा शब्द निःसंकोच वापरावा. आपल्या ग्रंथात संस्थानांचा उल्लेख ओझरता असला, तरी तळटीपेत औंध अवश्य नोंदवावे.